होमस्टेच्या फिक्या समुद्री रंगांच्या खोलीत कोणतं चित्र लावाल?



मालवण-तारकर्लीकडे होमस्टे काढायचं ठरवलंय? मग खोली साधारण अशीच डोळ्यासमोर असेल: पांढऱ्या भिंती, फिकट निळे पडदे, वाळूच्या रंगाची चादर. छानच आहे. पण भिंतीवर शंख-शिंपल्यांचं तयार पोस्टर लावलंत, की तुमची खोली इतर दहा खोल्यांसारखीच दिसणार. पाहुणा बुकिंग फोटो बघून करतो, हे विसरू नका.

मग करायचं काय?

1. आधी माप, मग खरेदी. चित्राची रुंदी पलंगाच्या दोन तृतीयांश ते पाऊण ठेवा. पलंग 60 इंच रुंद असेल तर चित्र 40 ते 45 इंच. तेवढा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीला चिकटवा, दाराजवळून बघा. पलंगाच्या पाठीपासून 6 ते 8 इंच वर फ्रेम सुरू होऊ द्या. लहान लहान पाच चित्रांपेक्षा एकच मोठं घेतलेलं बरं.

2. एक रंग गडद हवाच. सगळंच फिकं असेल तर फोटोत भिंत रिकामी वाटते. गडद निळा किंवा गेरूचा लाल चालेल. तोच रंग एखाद्या उशीच्या अभ्र्यात घ्या, म्हणजे खोली जुळून येते.

3. विषय इथलाच घ्या. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आहे, सावंतवाडीचे हाताने रंगवलेले गोल गंजिफा पत्ते आहेत. थेट कलाकाराकडून घ्या, बिल घ्या आणि शेजारी दोन ओळींची माहिती लावा. पाहुणा विचारतो, गप्पा होतात, खोली लक्षात राहते. नेटवरून कुणाचंही चित्र उतरवून छापू नका, कॉपीराइटचा प्रश्न येतो.

4. पावसाळ्याचा हिशोब धरा. कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते. फ्रेम मागून नीट बंद करून घ्या, कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन, दोन्ही टाळा.

आजचा गृहपाठ: पैसे खर्च करायच्या आधी तो कागद भिंतीवर लावून मोबाईलने एक फोटो काढा. पाहुण्याच्या नजरेने बघा. उत्तर तिथेच मिळेल!