व्हीटेकचा आवाज

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत परवा एक जुनी होंडा सिटी माझ्यापुढं थांबली. उन्हानं बॉनेट पांढुरकं पडलेलं, मागच्या काचेवर ग्रामदैवताचं नाव आणि डिकीवर एवढंसं नाव: व्हीटेक. शेजारच्या स्विफ्टमधल्या दोन पोरांनी काचा खाली घेतल्या. पुढची गर्दी हलली तरी त्यांची गाडी तिथंच.

सातारा-सांगलीत जपानी वेगवान गाडी बघायची, तर ती हीच. निसानची जीटी-आर २०१६ मध्ये भारतात विक्रीला आली, तीही जवळपास दोन कोटींना. स्कायलाइन, सुप्रा असल्या गाड्या पोरं मोबाइलवरच बघतात. जपानात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं असतं, तरी तिकडची जुनी गाडी इकडं येत नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही, आणि शुल्क जबर.

सिटी व्हीटेक मात्र भारतातच बनली. २००० साली आली, १४९३ सीसी, १०६ अश्वशक्ती. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची. मायलेज वाढलं, पण जीव गेला, असं मला आजही वाटतं.

व्हीटेक हे मुळात इंजिनाचं तंत्र; होंडानं ते १९८९ मध्ये इंटिग्रा गाडीत पहिल्यांदा आणलं. कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे असतात. गाडी संथ चालते तेव्हा लहान उंचवटे व्हॉल्व्ह बेताचेच उघडतात. आरपीएम चढले की तेलाच्या दाबानं बारीक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि मोठा उंचवटा काम हाती घेतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. पुण्याहून साताऱ्याकडं येताना खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरवर चढवा. पाच हजारांच्या पुढं आवाज फिरतो, घुमता घुमता एकदम टिपेला जातो. पोरं म्हणतात, "व्हीटेक लागली!"

हा आवाज हवा ओढतानाचा, बॉनेटखालचा. सायलेन्सर कापला की गाडी नुसती बोंबलते, म्हणून तो कापणं मला अजिबात पटत नाही.

इकडच्या माणसाचा कान मुळात तयार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी वसवली, ती सांगली जिल्ह्यातच; यंत्रं इकडं तेव्हापासून ओळखीची. विहिरीवरचं इंजिन बांधावरून ऐकून "नोझल गेला" म्हणणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचीच नातवंडं आता रस्त्यानं जाणारी गाडी न बघता ओळखतात. मग वळून नंबर वाचतात: एमएच १० असली तर आपली, ११ साताऱ्याची, ५० कराडची.

त्या दिवशी पोरांनी सिटीला पुढच्या पेट्रोलपंपावर गाठलंच. मीही मागोमाग थांबलो.

"काका, ओरिजिनल व्हीटेक ना?"

काकांनी न बोलता बॉनेट उघडलं. तेलाचा एक ओघळ नाही, बॅटरीच्या टर्मिनलला ग्रीस लावलेलं. थोरल्या पोरानं हात पँटला पुसले आणि मग एक हात इंजिनावर ठेवला.

"२००१ ची आहे," काका म्हणाले. "पंधरा वर्षं झाल्यावर एकदा पास केली, पाच वर्षांनी परत. आता पुन्हा पासिंगची वेळ आलीय. ऊसबिल जमा झालं की नेतो."



"विकणार?"

"चावी घे," काका म्हणाले, "मिरजेपर्यंत चालव. विकायचं विचारू नको."