वाट स्विच शोधतो, खर्च आपण सांगायचा

समजा, एका कॉलेजच्या दोन इमारतींमध्ये दोन केबल आहेत. एक जुनी, १०० मेगाबिटची. दुसरी नुकतीच टाकलेली, १० गिगाबिटची, म्हणजे शंभरपट वेगवान. दोन्हीकडे लेअर-३ (मार्ग निवडणारे) स्विच आहेत, ओएसपीएफ हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल चालू आहे, एरर कुठेच नाही. तरीही परीक्षेच्या दिवशी बऱ्याच मुलांचं पोर्टल रखडतं. कारण स्विचच्या हिशेबी दोन्ही केबल सारख्याच, त्यामुळे तो ट्रॅफिक दोन्हींवर वाटून टाकतो.

मार्ग हाताने लिहून ठेवले, की केबल तुटल्यावर माणसालाच उठावं लागतं. रिप हा जुना प्रोटोकॉल ते काम आपोआप करी, पण तो फक्त मधले टप्पे मोजायचा, तेही १५ पर्यंतच. ओएसपीएफमध्ये प्रत्येक स्विच आपल्या जोडण्या इतरांना कळवतो, सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि त्यावर जो तो सर्वांत कमी खर्चाची वाट काढतो. ही वाट काढायची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सुचली होती.

रीत चोख आहे. गडबड खर्चाच्या आकड्यात आहे. सिस्कोच्या अनेक स्विचवर मूळ सेटिंगमध्ये १०० मेगाबिटला केबलच्या वेगाने भागून खर्च काढतात. १०० मेगाबिटला १ येतो. १० गिगाबिटला शंभरावा हिस्सा यायला हवा, पण १ पेक्षा कमी खर्च चालत नाही, म्हणून तिथेही १. हे सूत्र त्या काळातलं, जेव्हा १०० मेगाबिट म्हणजे चैन होती.

उपाय एका ओळीचा: ‘राउटर ओएसपीएफ’खाली ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००’. आता जुन्या केबलचा खर्च १००० आणि नवीचा १०. मात्र ही ओळ प्रत्येक स्विचवर हवी, नाहीतर प्रत्येकाचा हिशेब वेगळा. आयपी पत्ता पोर्टऐवजी व्हीलॅन इंटरफेसवर असेल, तर तो इंटरफेस सहसा १ गिगाबिटचाच धरला जातो. तिथे खर्च हातानेच लिहावा.

ओएसपीएफमध्ये शेजारी स्विच सहसा दर १० सेकंदांनी एकमेकांना ‘हॅलो’ पाठवतात आणि ४० सेकंद काही आलं नाही, तर शेजारी गेला असं धरतात. हे आकडे दोन्हीकडे जुळले नाहीत, तर शेजार जमतच नाही. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळला नाही, तर जोडी ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेवर अडकते. ही खूण ध्यानात ठेवली, तर शोधाशोधीचे तास वाचतात.

आणि वर्गखोल्यांकडचे इंटरफेस ‘पॅसिव्ह’ करा, म्हणजे तिथे ‘हॅलो’ची देवाणघेवाण होणार नाही. नाहीतर तिथे लॅपटॉप जोडून कुणीही शेजारी बनू शकतो आणि खोटे मार्ग पसरवू शकतो. माझ्या मते ही ओळ ऐच्छिक नाहीच.

तुमच्याकडे नेटवर्कची जबाबदारी असेल, तर ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’ चालवून कॉस्टचा रकाना बघा. वेगवेगळ्या वेगांच्या केबलसमोर १ च दिसत असेल, तर पुढच्या सुटीच्या दिवशी सगळ्या स्विचवरचा रेफरन्स-बँडविड्थचा आकडा एकदमच बदला.