गाडी छपराखाली, तरी रंगावर ओरखडे का?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये छपराखाली उभी असणारी, रोज सकाळी पुसली जाणारी गाडी. तरीही दोन-तीन वर्षांत तिच्या गडद रंगाच्या बॉनेटवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा चमकू लागतात. मालक कंपनीच्या रंगाला नावं ठेवतो. पण या रेषा बहुतेक वेळा आपणच, गाडीची काळजी घेताना, पाडलेल्या असतात.

गैरसमज : गाडी आत असते, त्यामुळे रंगाला धोका नाही.
वस्तुस्थिती : छपरामुळे ऊन-पाऊस टळतो, धूळ टळत नाही. इमारतीखालचं पार्किंग बाजूंनी उघडं असतं आणि शेजारी बांधकाम चालू असेल, तर वाळू-सिमेंटची भुकटी थेट गाडीवर येऊन बसते. तळघरात वेगळाच त्रास असतो. स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना सोबत आणतं. ते थेंब अल्कधर्मी असतात. वाळले की पांढरे डाग पडतात आणि वेळीच धुतले नाहीत, तर रंगात खोलवर उतरतात. गळती दिसली की आधी गाडीची जागा बदला.

गैरसमज : रोज कोरड्या फडक्याने पुसलं की गाडी नवी राहते.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने होतं. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकाचे, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे, कण असतात. मोस मापनावर क्वार्ट्झची कठीणता 7 आहे, म्हणजे तो साध्या काचेवरही ओरखडा काढतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, त्याहून कितीतरी मऊ असतो आणि त्याची जाडी असते साधारण 35 ते 50 मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही कमी. नुसती बसलेली कोरडी धूळ रंगावर रेषा पाडत नाही. फडक्याखाली दाबून ओढली की पाडते. एकाच बादलीच्या पाण्यात फडकं बुडवून सात-आठ गाड्या पुसल्या, तर पहिल्या गाडीची माती आठवीवर घासली जाते.

गैरसमज : कव्हर घातलं की चिंता मिटली.
वस्तुस्थिती : धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे मोठं फडकं फिरवणंच. वाऱ्याने ते फडफडलं, तर घासणं रात्रभर चालू राहतं. प्लास्टिकच्या कव्हरखाली पावसाळ्यात ओलही कोंडते. कव्हर घालायचंच असेल, तर गाडी धुऊन, पूर्ण वाळवून मग घाला. ते हवा खेळती ठेवणाऱ्या कापडाचं, आतून मऊ आणि गाडीच्या मापाचं असावं. रोज काढ-घाल होणार असेल, तर धूळ बसू देणं बरं.

गैरसमज : ‘9एच’ सिरॅमिक कोटिंगवर ओरखडा येत नाही.
वस्तुस्थिती : हा 9एच आकडा पेन्सिलच्या चाचणीतला आहे, मोस मापनाचा नव्हे. कोटिंगचा थर अगदी पातळ असतो. कोटिंगमुळे पाणी आणि मळ लवकर निघतो, गाडी धुणं सोपं होतं. वाळूचा कण घासला गेला, तर मात्र रेषा उमटतेच. खरं संरक्षण हवं असेल, तर पेंट प्रोटेक्शन फिल्म आहे. ती साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची असते, पण बरीच महाग पडते.

गैरसमज : प्रत्येक सर्व्हिसिंगला पॉलिश करून घ्यावं.
वस्तुस्थिती : रेषा घालवणारं पॉलिश क्लिअर कोटचाच थोडा भाग घासून काढतं. तो थर परत भरून येत नाही. वॅक्स मात्र वर थर चढवतं, त्यामुळे ते अधूनमधून लावायला हरकत नाही.

मग करायचं काय?
रोज पुसणं बंद करा. आठवड्या-पंधरवड्याने आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या : एकीत कारच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. टपापासून सुरुवात करा. चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. पुसायला स्वच्छ, जाड मायक्रोफायबर वापरा. ते जमिनीवर पडलं, तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नका.

गाडी पुसणाऱ्या दादांशीही बोला. पगार तोच ठेवा, रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुणं ठरवा आणि आपल्या गाडीची बादली-कापडं आपणच द्या. त्यांचे श्रम वाचतील आणि गाडीचा रंगही टिकेल.