मोटार सुरू का होत नाही?

मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यात तयार होणारी फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने प्रसिद्ध झाली. टॅक्सी म्हणून ती २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली; पण काही हौशी मालकांनी ती आजही जपून ठेवली आहे. अशी जुनी मोटार एखाद्या सकाळी सुरू होईनाशी झाली, की मालक गोंधळतो. जाणता मेस्त्री मात्र हत्यार उचलण्यापूर्वी कान देतो.

नुसता ‘टक्’ असा आवाज आला, किंवा इंजिन रेंगाळत फिरले, तर पहिला संशय बॅटरीवर. तिच्या टोकांवर पांढरट पूड साचली असल्यास विजेचा प्रवाह अडतो.

इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, अशा वेळी मेस्त्री प्लग काढून पाहतो. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलेले नाही. तो पेट्रोलने भिजलेला असेल, तर ठिणगी पडत नसावी, किंवा चोक फार वेळ ओढून ठेवल्याने पेट्रोल अधिक झाले असावे. एका प्लगने निम्मा तपास होतो! पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात दमटपणा शिरला, तरी ठिणगी क्षीण होते. झाकण आतून कोरड्या कापडाने पुसले, की अनेकदा तेवढ्याने भागते. ही कामे जाणत्यानेच करावीत, कारण पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते.

याहून मौजेचा दोष निराळाच. मोटार रस्त्यावर उत्तम धावते, पण चौकात थांबताच बंद पडते. येथे बॅटरीला किंवा पंपाला दोष देणे व्यर्थ होय. ती बिघडली असती, तर मोटार धावली कशी असती? मोटार उभी असताना कार्ब्युरेटरमधील हवेचे दार जवळजवळ मिटलेले असते आणि पेट्रोल एका अगदी बारीक छिद्रातून येते. त्यात कचऱ्याचा कण अडकला, की इंजिन उपाशी राहते. वेग वाढताच पेट्रोल दुसऱ्या, मोठ्या छिद्रातून येऊ लागते, म्हणून दोष लपतो. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग फाटून जादा हवा आत शिरली, तरी असेच घडते.

काही चालक स्क्रू फिरवून इंजिनाची गती वाढवून ठेवतात. त्याने दोष जात नाही, पेट्रोल मात्र वाया जाते. खरा उपाय म्हणजे ते छिद्र पेट्रोलने धुऊन हवेच्या झोताने मोकळे करणे. त्यात तार मात्र घालू नये. छिद्र किंचितही रुंदावले, तर पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.