शून्याचं टोक

लांब उडीच्या खड्ड्याला पाणी आदल्या रात्री घालायचं असतं. सकाळी घातलं की वाळू वरून चिखल आणि खालून भुसा. पोराची टाच पडते तिथली कडा उभी राहत नाही, ढासळते. मग खूण नेमकी कुठं धरायची यावरून पंच, शाळेचे सर आणि बघे असे तिन्ही पक्ष हातघाईवर येतात. रात्रभर पाणी मुरलेल्या वाळूत टाचेचा ठसा खोबऱ्याच्या वडीसारखा स्वच्छ कापला जातो. भांडायला जागाच राहत नाही.

साताऱ्याकडच्या औंधच्या आसपासच्या शाळांत मी एकोणतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. त्यातला बराच काळ या खड्ड्याशेजारी उकिडवं बसण्यात गेला. पूर्वी वाळू येरळा नदीची यायची. ट्रॅक्टरची एक खेप सांगितली की दुपारपर्यंत मैदानात. आता नदीची वाळू मिळणं अवघड झालं आणि खड्ड्यात क्रश सँड आली. घर बांधायला ती ठीक आहे, पण तिच्या कणांना कोपरे असतात. उडी मारून बसलेल्या मुलींच्या मांड्या सोलवटतात. ती चाळून, भिजवून, दोनदा उलटीपालटी करून घेतली तरच खेळण्याजोगी होते.

दाताळ्यानं वाळू सारखी करताना डोळा बोर्डावर ठेवायचा. वाळूची पातळी बोर्डाच्या पातळीत हवी. चार बोटं खाली असली की पोरगं तेवढं जास्त वेळ हवेत राहतं आणि प्रत्येक उडीला फुकटचं अंतर मिळतं. हे मला कोणी शिकवलं नाही. एका वर्षी आमच्या शाळेची सगळीच पोरं अचानक उडायला लागली, तेव्हा कळलं. खड्डा उन्हाळ्यात वाऱ्यानं खाल्ला होता.

आता मोजणं. एक जण वाळूत बघतो. बोर्डाला सगळ्यांत जवळची खूण कुठली? टाचेचीच असेल असं नाही. मागं टेकलेला हात, बसलेलं अंग, कधी लोंबणारी वेणीसुद्धा. तिथं खुंटी रोवायची. टेपचं शून्य खुंटीला आणि वाचन बोर्डापाशी. टेप तिरकी नको, बोर्डाच्या रेषेला काटकोनात हवी. झोळ नको. आणि आकडा दोन सेंटिमीटरच्या रेघांमध्ये कुठंही आला तरी खालचा धरायचा. चार मीटर बासष्ट आणि वर नऊ मिलिमीटर असले तरी लिहायचं ४.६२. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून मोड ठेवून घेतो, तसाच हा नियम. फरक एवढाच की इथं गिऱ्हाईक सगळ्या जगाचं असलं तरी प्रत्येकाची मोड सारखीच कापली जाते.

या एका सेंटिमीटरची किंमत २०२१ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीत दिसली. वीस वर्षांखालच्या खेळाडूंची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा होती. लांब उडीत आपल्या झाशीच्या शैली सिंगनं ६.५९ मीटर उडी मारली. स्वीडनच्या माया आस्कागनं ६.६०. सुवर्ण तिकडं गेलं, रौप्य इकडं आलं. बातम्यांत सगळ्यांनी ‘अवघ्या एका सेंटिमीटरनं’ असं लिहिलं आणि हळहळले. मला मात्र त्या रात्री वाळू सारखी करणारा माणूस डोळ्यांपुढं येत होता. खूण धरणारा, आकडा वाचणारा, आणि त्यानं वाचलेला आकडा पुन्हा न विचारता लिहून घेणारा. मोठ्या स्पर्धांत आता कॅमेऱ्यानंही मोजतात. तरीही वाळू माणसालाच सारखी करावी लागते.

माझ्या हातून झालेली गोष्ट आता सांगतो.

तालुका पातळीच्या एका स्पर्धेत मी लांब उडीला होतो. गाव सांगत नाही, साल दोन हजार सहाच्या आगंमागं. टेप कोणाची तरी मागून आणलेली. पन्नास मीटरची, कापडी, चाकावर गुंडाळायची, पिवळी, घामानं काळवंडलेली. कडी पुढच्या टोकाला सुतळीनं शिवलेली होती. मी खुंटीपाशी. सबंध दिवस शून्याचं टोक माझ्या हातात. सतरा वर्षांखालच्या मुलींत माणच्या बाजूच्या एका वाडीतली पोर पहिली आली, ४.८२. अनवाणी. रनवे मुरमाचा. तिनं तिसऱ्या उडीला बोर्ड असा धरला की फाऊल बघायला लावलेल्या ओल्या मातीच्या पट्टीवर अंगठ्याची नुसती सावली पडावी. मी तिला म्हणालो, पोरी, पाच मीटर लांब नाही.

तीन आठवड्यांनी जिल्ह्याला तीच पोर ४.७१. तिच्याआधी उडालेला आमच्याच तालुक्यातला मुलगाही नऊ-दहा सेंटिमीटरनं कमी. पुढची मुलगीही. पोर माझ्यापाशी आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं नवल होतं. म्हणाली, ‘मी तर तेवढीच मारली की वो सर.’ मी सांगितलं की जिल्ह्याला दडपण असतं. वाट्टेल ते सांगतो माणूस अशा वेळी.

परतीच्या एसटीत डोक्यात उजेड पडला. सगळी पोरं एकाच मापानं कशी कमी होतील? दुसऱ्या दिवशी जाऊन ती टेप उलगडली. सुतळीची गाठ उसवली. टेपचं टोक कधीतरी तुटलं होतं आणि कोणीतरी शहाण्यानं कडी दहाच्या आकड्यावर शिवून टाकली होती. आमची टेप दहापासून सुरू होत होती. मी दिवसभर ज्याला शून्य म्हणून वाळूत दाबत होतो ते दहा होतं.

क्रमांक बदलले नव्हते. सगळ्यांचे दहा-दहा सेंटिमीटर वाढले, म्हणून पहिली ती पहिलीच आणि दुसरी ती दुसरीच. त्यामुळंच कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही आधी तेच म्हणून स्वतःला समजावलं. पण ती पोर तीन आठवडे स्वतःला ४.८२ समजत होती. ४.७२ वरून ४.७१ ला येणं म्हणजे काहीच नाही, आणि ४.८२ वरून येणं म्हणजे मागं पडणं. जिल्ह्याच्या मैदानावर तिच्याकडं दुसरं कसलंच साधन नव्हतं, एक आकडा होता, आणि तो मी चुकीचा दिलेला होता. मी वाडीला निरोप पाठवला, टेप खराब होती म्हणून. पोचला की नाही माहीत नाही. पुढच्या वर्षी तिनं नाव दिलं नाही. विचारलं तर म्हणाली, घरी काम असतंय. खरंही असेल ते.

त्यानंतर दोन वर्षांनी, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. १२ ते १८ ऑक्टोबर, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. अठराच्या आतली देशोदेशींची पोरं. भारत पदकतालिकेत पहिला आला, ते सगळ्यांना आठवतं. मी औंधहून साताऱ्याला, साताऱ्याहून स्वारगेटला, तिथून पीएमपीएमएलच्या दोन बस बदलून पोचलो. लोक धावपट्टीच्या बाजूला, ऊन टाळून बसले होते. मी खड्ड्याच्या बाजूला उन्हात बसलो. शेजारचा माणूस शेवटी म्हणाला, पळण्याच्या शर्यती तिकडं आहेत की!

मी त्या खुंटीवाल्याला बघत होतो. माझ्याच वयाचा असेल. पांढरी टोपी. प्रत्येक उडीनंतर तो वाकायचा आणि लगेच हात घालायचा नाही. एक श्वास थांबून आधी बघून घ्यायचा. मग खूण. लाल झेंडा, पांढरा झेंडा, पाटीवर आकडा, दाताळं, पुढची उडी. कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवली नाही. दुपारभरात त्यानं एकदाही घाई केली नाही. एवढंच बघायला मी तिथवर गेलो होतो असं आता वाटतं.

आमच्याकडं वारं कोणी मोजत नाही. मोठ्या स्पर्धेत लांब उडीच्या रनवेशेजारी वाऱ्याचं यंत्र असतं. पोरगं ठरलेल्या खुणेपाशी आलं की पाच सेकंद वाऱ्याचा वेग घेतात. मागून दोन मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त वारं असेल तर उडी स्पर्धेत धरतात, विक्रमात धरत नाहीत. आमच्या माळावर ऑगस्टात जे वारं सुटतं त्याला हे यंत्र लावलं तर तालुक्यातले निम्मे विक्रम पुसावे लागतील. मी रुमाल धरायचो. रुमाल आडवा झाला की वहीत आकड्यापुढं ‘वारं’ असं लिहायचो. सहकारी हसायचे.

वेळेचं तर विचारूच नका. शंभर मीटरला सुरुवात करणारा एका टोकाला, घड्याळं दुसऱ्या टोकाला. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला सेकंदाचे जवळपास तीन दशांश. आवाज ऐकून बटण दाबलं की पोरगं न पळता तेवढं वेगवान ठरतं. म्हणून पिस्तुलाचा धूर बघून घड्याळ सुरू करायचं असतं. पिस्तूल नसेल तर? मी लाकडी टाळीच्या आत मूठभर फक्की घालायचो. टाळी मिटली की पांढरा फुफाटा उडतो, तो शंभर मीटरवरून स्पष्ट दिसतो. पहिल्या वर्षी माझी पँट पांढरी झाली, पोरं आठवडाभर चिडवत होती. पण आमची वेळ जिल्ह्याला गेल्यावर बदलली नाही.

शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खो खेळत पळण्याकडं आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंद वेळ दिली आणि अंतिम फेरीत दहावी आली. तो आकडा माझ्या मुलींना पाठ होता. शंभरावा भागही पाठ, ‘शहात्तर’ म्हणून. त्यांना मी विचारायचो, तुझी वेळ काय? तर म्हणायच्या, पंधरा-सोळा असेल सर. दुसरीचा आकडा शतांशापर्यंत ठाऊक आणि आपला अंदाजानं.

आणि वय. ते मोजायला टेप लागत नाही, पण घोळ तिथंच सगळ्यांत मोठा. वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला विशी पूर्ण झालेली चालत नाही. आपल्याकडं एका पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली आहेत, हे कुठल्याही शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं की कळतं. गुरुजींनी शाळेत घालायला सोयीची तारीख टाकली आणि ती जन्मभर चिकटली. आता जन्मदाखला लागतो, वर मनगटाची एक्स-रे तपासणीही होते. तरीही वर्षभर मागं ढकललेलं पोरगं दर स्पर्धेला दिसतं. मिसरूड फुटलेलं, चौदाच्या गटात, सुवर्ण घेऊन जातं. पालक पेढे वाटतात. खरं चौदाचं पोरगं चौथं येतं आणि घरी जातं. दहा सेंटिमीटरची टेप मी चुकून वापरली. ही दुसरी टेप लोक समजून-उमजून शिवतात, आणि त्यांना मी माफ करू शकत नाही.

औंधला हे सगळं बोलायला एक कारण आहे. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं, स्वतः रोज घातले. संस्थान विखुरलेलं. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ. सगळीकडच्या पोरांनी नमस्कार मोजून घातले. लहानपणी म्हातारी माणसं सांगायची तेव्हा ‘आम्ही व्यायाम करायचो’ असं म्हणत नसत, ‘इतके घालायचो’ असं म्हणत. आकडा छातीवर हात ठेवल्यासारखा यायचा. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर मी पोरं पळवायचो तेव्हा मीही मोजायला लावायचो. चढताना कितव्या पायरीला दम लागला ते वहीत लिहायचं. त्या वह्यांतल्या काही माझ्याकडं आहेत. अक्षर वाईट, आकडे खरे.

तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यातच येतात. यंदा कोणाच्या गळ्यात शिट्टी असेल त्यांना एवढंच सांगणं आहे. टेप आणली की आधी तिची पहिली वीत बघा. कडी कुठं शिवली आहे ते बोटानं चाचपा. शाळेच्या लाकडी मीटरपट्टीला लावून घ्या. कापडी टेप भिजली की आखडते, ताणली की लांबते, ती फेकून द्या. फायबरची बऱ्या क्रिकेट बॅटपेक्षा स्वस्त मिळते. तेवढेही पैसे शाळेकडं नसतील तर माझ्याकडं एक जास्तीची टेप आहे, पन्नास मीटरची, शून्यासकट. औंधला या, घेऊन जा. स्पर्धा झाली की पुसून, कोरडी करून परत आणा.