मेंदूची दारं आणि अर्धांगवायू

आपल्याकडे अजूनही 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. पुस्तकी भाषेत अर्धांगवायू, डॉक्टरांच्या कागदावर पक्षाघात. तिन्ही शब्द बाहेरून दिसतं तेच सांगतात: लुळा पडलेला हात, वाकडं झालेलं तोंड, निकामी झालेली एक बाजू. बिघाड मात्र मेंदूत असतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकते किंवा ती धमनी फुटते. यातला गुठळीचा प्रकार अधिक आढळतो. इथे त्याचाच विचार केला आहे.

मी डॉक्टर नाही. या विषयाचं माझं शिक्षण वाचनालयात आणि शोधनिबंधांच्या झेरॉक्स प्रतींवर झालं. त्या वाचनात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येई. शस्त्रक्रियेच्या वेळी पट्टा आवळून हाताचा रक्तपुरवठा तासभर थांबवतात, तरी हात मरत नाही. मग मेंदूची पेशी काही मिनिटांतच का मरू लागते? 'प्राणवायू मिळत नाही म्हणून' हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. खरं उत्तर त्या पेशीच्या दारांत आहे.

चेतापेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. कॅल्शियम तर बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात; त्यांना आयन चॅनल म्हणतात. दार उघडलं की विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, उतारावरच्या पाण्यासारखे धावतात आणि त्यातून चेतासंदेश निर्माण होतो. हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये याचं गणित मांडलं.

पण उतार टिकवायचा तर आत आलेलं सोडियम सतत बाहेर काढावं लागतं. हे काम करणारा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये सापडला. १९५७ च्या त्या शोधाला नोबेल मिळालं ते १९९७ मध्ये. हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च करतो. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेतला त्याचा वाटा सुमारे २० टक्के. त्यातलाही निम्म्याच्या आसपास भाग या उपशावर जातो. गळक्या होडीतलं पाणी रात्रंदिवस उपसत राहावं, तसा हा संसार आहे. हाताच्या स्नायूवर एवढा भार नसतो.

रक्त पूर्ण थांबलं की एक-दोन मिनिटांत इंधन संपतं आणि पंप बंद पडतो. पोटॅशियम बाहेर गळतं, विजेचा समतोल ढळतो आणि एकामागून एक दारं उघडतात. सोडियम आत शिरतं, त्यामागून पाणी, पेशी फुगते. शेजारच्या पेशींना निरोप देणारं ग्लुटामेट थेंबाथेंबाने सुटायचं, ते आता लोंढ्याने सुटतं. ते एनएमडीए नावाचं दार उघडतं. एरवी या दारात मॅग्नेशियमचा एक आयन खिटीसारखा बसलेला असतो; पेशी उत्तेजित झाली तरच तो बाजूला होतो. नवं शिकणं आणि आठवण पक्की होणं याच दारावर अवलंबून असतं. पंप बंद पडल्यावर खिटी निघते ती निघतेच. कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीचीच विकरं तिला आतून पोखरू लागतात. आठवण घडवणारं दारच पेशीचा घात करतं. अशा अतिउत्तेजनाने पेशी मरते, हे अमेरिकेतल्या जॉन ओल्नी यांनी १९६९ च्या सुमारास दाखवलं.

सुदैवाने सगळ्या पेशी एकाच वेळी मरत नाहीत. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात. १० च्या आसपास आलं की दारांचा ताबा सुटतो. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी मुक्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात. शास्त्रज्ञांनी या पट्ट्याला ग्रहणातला शब्द दिला: उपच्छाया. हात लुळा दिसतो, पण त्याचा काही भाग अजून परत मिळण्याजोगा असतो.

ही उपच्छाया स्थिर मात्र नसते. ब्राझीलचे लियाओ यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत मिनिटाला काही मिलिमीटर सरकणारी एक लाट नोंदवली होती. पक्षाघातात मेलेल्या भागाच्या कडेने तशाच लाटा पुन्हा पुन्हा उठतात. प्रत्येक लाटेनंतर अर्धपोटी पेशींना पंप जोराने चालवावे लागतात आणि काही पेशी त्यातच संपतात.

मग दारंच बंद का करू नयेत? तसे प्रयत्न पुष्कळ झाले. एनएमडीए अडवणाऱ्या औषधांनी रुग्णांना भ्रम होऊ लागले. साहजिकच, कारण तीच दारं निरोगी मेंदूलाही लागतात. लॉस एंजेलिसमध्ये १,७०० रुग्णांवर मॅग्नेशियमची चाचणी झाली. औषध रुग्णवाहिकेतच सुरू केलं जाई आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णांना ते पहिल्या तासात मिळालं. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: अपंगत्वात फरक नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कारण दुहेरी आहे. एक दार लावलं तरी बाकीची उघडीच राहतात. आणि जिथे रक्तच पोचत नाही, तिथे औषध कसं पोचणार? साचलेल्या आम्लाने उघडणारं आणखी एक दार आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्याच्या विषातला घटक ते अडवतो आणि उंदरांचा मेंदू वाचवतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब आहे.

म्हणून आज खात्रीचा उपाय एकच: पंपाला इंधन परत देणं, म्हणजे रक्ताची वाट मोकळी करणं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी नळीने ओढून काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. पण ही मुदत संथपणे वापरायची नसते. मोठी धमनी बंद झाली की उपचाराविना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा जेफ्री सेव्हर यांचा २००६ चा हिशेब आहे.

घरोघरी ऐकू येणारं 'जरा पडू दे, सकाळी बघू' हे वाक्य या हिशेबासमोर ठेवून पाहावं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, की वेळ पाहून ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळीही देऊ नये. उपच्छायेतल्या पेशींना आपल्याकडून हवी असते ती फक्त घाई.