आठ पायांच्या पाहुण्यासाठी घर

जेवता जेवता मुलाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, ‘‘आई, मला हा पाळायचाय.’’ तुम्हाला वाटलं, कुत्र्याचं पिल्लू असेल. बघता तर काय, तळहाताएवढा केसाळ कोळी! आजीने ताट बाजूला सारलं. बाबा म्हणाले, ‘‘घरात पाली कमी आहेत का?’’ आणि विषय तिथेच संपला, असं तुम्हाला वाटलं.

पण हे वेड असं संपत नाही. टॅरंटुला भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, जागाही थोडी लागते. त्यामुळे लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तरुणांना तो आवडतो. तुमच्या घरात हा हट्ट सुरू झाला असेल, तर लगेच ‘हो’ म्हणू नका आणि लगेच ‘नाही’ही म्हणू नका. एक अट घाला : आधी घर बांध, मग पाहुण्याचं बघू.

अट कडक वाटेल, पण तिला कारण आहे. कुत्र्याची गैरसोय झाली की तो ओरडून सांगतो. कोळी काहीच सांगत नाही. एके सकाळी तो पाय पोटाखाली आखडून पडलेला दिसतो आणि मग कळतं की घरातच काहीतरी चुकलं होतं.

आधी कायदा समजून घ्या

करवत हातात घेण्याआधी हे वाचा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना आता सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. लाल गुडघ्यांचा प्रसिद्ध मेक्सिकन टॅरंटुला या यादीत आहे, आफ्रिकेतला मोठा काळा एम्परर विंचूही आहे. विकणारा ‘कागदपत्रं लागत नाहीत’ म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

आणि जंगलातून कोळी उचलून आणायचा नाही, ही गोष्ट मुलाला पहिल्या दिवशीच सांगा. आंध्र प्रदेशातल्या गुत्तीचं नाव मुरारराव घोरपडे यांच्यामुळे आपल्याला माहीत आहे. त्याच गुत्तीला रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक झळझळीत निळा कोळी सापडला आणि १८९९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्यानंतर जवळपास १०० वर्षं तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. जंगल तुटलं हे एक कारण, आणि त्याच्या रंगापायी जगभरातल्या हौशी लोकांनी लावलेली मागणी हे दुसरं.

उंच घर म्हणजे धोक्याचं घर

मोठं आणि उंच घर दिलं की प्राणी खूश, असं आपल्याला वाटतं. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाच्या बाबतीत हे उलटं आहे. त्याचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं नाजूक असतं. काच चढून तो वरून पडला तर पोट फुटतं आणि तो वाचत नाही.

म्हणून माप त्याच्या पायांवरून घ्या. पाय पसरल्यावर कोळी १२ सेंटिमीटर भरत असेल, तर पेटीची लांबी त्याच्या तिप्पट म्हणजे ३६ सेंटिमीटर आणि रुंदी दुप्पट म्हणजे २४ सेंटिमीटर ठेवा. मातीपासून झाकणापर्यंतची मोकळी जागा मात्र १२ ते १८ सेंटिमीटरच असू द्या. खाली १० ते १५ सेंटिमीटर मातीचा थर लागतो, तो धरून पेटीची एकूण उंची ठरवा.

पिल्लासाठी इतकी मोठी पेटी नको. त्यात ते हरवतं आणि त्याला खाऊही सापडत नाही. नखाएवढ्या पिल्लाला छोटी पारदर्शक डबी पुरते. ते वाढेल तसं घर बदला.

पेटी कशी बनवाल?

नेमप्लेट आणि ट्रॉफी बनवणारे दुकानदार अ‍ॅक्रिलिकची शीट मापाने कापून देतात आणि बहुतेक ठिकाणी जोडूनही देतात. शीट ४ ते ५ मिलिमीटर जाडीची घ्या. पातळ शीटचं झाकण ओलाव्याने वाकतं आणि कडेला फट पडते. पहिलाच प्रयोग असेल तर स्वयंपाकघरातला मोठा पारदर्शक डबाही चालेल.

* भोकं : समोरासमोरच्या दोन भिंतींवर ड्रिलने २ मिलिमीटरची भोकं ओळीने पाडा. एका बाजूला थोडी खाली, दुसऱ्या बाजूला थोडी वर, म्हणजे हवा खेळती राहते. पिल्लाच्या डबीसाठी भोकं आणखी बारीक हवीत. ड्रिल मोठ्यांनीच चालवावं आणि आतल्या बाजूने राहिलेली धार घासून काढावी.

* झाकण : तारेची जाळी लावू नका. टॅरंटुलाच्या पायांना बारीक नख्या असतात. त्या जाळीत अडकल्या तर तो तसाच लटकतो आणि सुटण्याच्या धडपडीत पाय गमावतो.

* कडी : टॅरंटुला अंगात जोर असलेला जीव आहे, सैल झाकण तो ढकलून उघडतो. छोटी कडी किंवा क्लिप लावाच. घरात लहान मूल असेल तर कुलूप लावा.

* चिकटवणं : काचेची पेटी करत असाल तर मत्स्यालयासाठीचं सिलिकॉन वापरा. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असू शकतं. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

* माती : खत न मिसळलेलं कोकोपीट घ्या. वीट भिजवून दोन-तीनदा धुवा, म्हणजे त्यातला खारटपणा जातो. पेटीत भरून हाताने चांगलं दाबा, कारण भुसभुशीत मातीत बीळ टिकत नाही.

* आडोसा : नारळाची अर्धी करवंटी घ्या, तिच्या कडेला दरवाजाएवढी खाच पाडा आणि पालथी घालून अर्धी मातीत रोवा. फुटक्या कुंडीचा तुकडाही चालतो, फक्त धार नको.

* पाणी : बाटलीचं झाकण किंवा उथळ वाटी पुरे. स्पंज ठेवू नका, तो सडतो.

तुमचं शहर कोणतं?

एकच पेटी मुंबईत आणि दिल्लीत सारखी वागत नाही. मुंबई, गोवा किंवा कोचीच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की माती वेगळी ओली करायची गरज क्वचितच पडते. तिथे भोकं जास्त हवीत, नाहीतर बुरशी धरते. नागपूर, इंदूर, दिल्लीच्या उन्हाळ्यात पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा आणि मातीचा एक कोपरा ओलसर राहू द्या. उत्तरेकडच्या थंडीत पेटी बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. तापणारे दगड किंवा दिवे आत ठेवू नका. गरम जागेला अंग चिकटवून बसलेला कोळी सुकून जातो.

खिडकीतलं ऊन तर कुठेच नको. बंद पेटीवर थेट ऊन आलं की ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

माती किती ओली हवी, हे जातीवर अवलंबून असतं. ओलावा लागणारी जात असेल तर कोकोपीट मुठीत दाबून बघा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये.

घरातच बसलेले शत्रू

सगळ्यात मोठा धोका जंगलातून येत नाही, आपल्याच कपाटातून येतो. झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, डासांसाठी लावलेलं लिक्विड ही सगळी किड्यांना मारणारी औषधं आहेत. कोळ्याला ती वेगळी कशी ओळखणार? ज्या खोलीत पेटी आहे तिथे यातलं काहीही वापरू नका. पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर पेटी आधीच दुसऱ्या घरी हलवा. स्वयंपाकघरातलं झुरळ पकडून खाऊ म्हणून घालू नका, त्याच्या पोटात विष असू शकतं. खास वाढवलेले रातकिडे द्या.

मुंग्यांवर मात्र आजीचाच उपाय चालतो. ताटात पाणी घाला, मध्ये विटा ठेवा आणि विटांवर पेटी. दुधाचं पातेलं आपण असंच वाचवतो ना?

उताणा पडला म्हणजे मेला नाही

एके दिवशी कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसेल. घाबरून त्याला सरळ करायला जाऊ नका. तो कात टाकतोय. काही तासांत जुनी कात सोडून तो बाहेर येतो, पण अंग कडक व्हायला आणखी कित्येक दिवस लागतात. त्या काळात पेटीत एकही रातकिडा ठेवू नका. एरवीचं भक्ष्यच तेव्हा त्याला कुरतडू शकतं.

तो हातावर घेऊन मिरवायचा प्राणी नाही, हेही मुलाला समजावा. अमेरिका खंडातले टॅरंटुला पोटावरचे बारीक केस झाडतात. ते डोळ्यांत गेले तर त्रास गंभीर होतो. आपल्याकडच्या जातींकडे असे केस नसतात, पण त्यांचा चावा जास्त वेदना देतो. साफसफाई लांब चिमट्यानेच करा. चावा झाला किंवा डोळ्याला काही झालं तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरकडे जा.

ज्याचा त्याचा बंगला वेगळा

एकाला जे घर तारतं, ते दुसऱ्याला मारतं. झाडावर राहणाऱ्या कोळ्याला उभी पेटी आणि तिरकं टेकवलेलं झाडाचं साल हवं. प्रार्थना कीटक उलटा लटकून कात टाकतो, म्हणून त्याला त्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंची लागते. वरच्या बाजूला जाळीही हवीच, जी टॅरंटुलाला घातक असते. पावसाळ्यात दिसणारी वाणी, म्हणजे मिलिपीड, तर आपलं घरच खाते. तिला कुजलेलं लाकूड आणि सुका पालापाचोळा यांचा जाड थर लागतो. बागेतली मोठी आफ्रिकन गोगलगाय मात्र आणू नका. ती पिकांची शत्रू आहे आणि तिच्यातून माणसाला रोग होऊ शकतो.

तुमचा मुलगा किंवा मुलगी अजून शाळेत असेल, तर सुरुवात कढीपत्त्यापासून करा. कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर हिरवी अळी दिसली, तर ती बहुधा लिंबाच्या फुलपाखराची असते. एक उंच डबा घ्या, त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. आत पाण्याच्या छोट्या बाटलीत कढीपत्त्याची डहाळी ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी आत पडून बुडेल. पानं घरच्या झाडाची हवीत, बाजारातल्या पानांवर फवारणी असू शकते. रोज ताजी पानं द्या, डबा पुसा. साधारण महिनाभरात कोषातून फुलपाखरू बाहेर येईल. पंख वाळेपर्यंत त्याला लटकायला जागा द्या आणि मग खिडकी उघडा.

पंधरा दिवसांची परीक्षा

महिनाभर रोज डबा पुसणाऱ्या मुलाने टॅरंटुलाची पेटी बनवली, तर ती आधी पंधरा दिवस रिकामीच ठेवा. रोज सकाळी त्याने माती बघायची, पाण्याचं झाकण भरायचं, कडी तपासायची, बुरशी दिसली तर काढायची. आत कोणीही नसताना. मादी टॅरंटुला २० वर्षंही जगू शकते. मुलगा शिकायला परगावी जाईल तेव्हा पेटीत पाणी कोण घालणार, याचं उत्तरही याच पंधरा दिवसांत घरात सगळ्यांनी मिळून शोधायचं.

कदाचित पंधराव्या दिवशी तो वनविभागाचे नियम वाचत बसलेला दिसेल. कदाचित पाचव्या दिवशीच त्याचा उत्साह संपेल आणि पेटीत कढीपत्त्याचं रोप लागेल. दोन्हीमध्ये कोणाचं नुकसान नाही. आणि आजीला विचाराल तर दुसराच निकाल तिला जास्त आवडेल!